कार्डावर आधीच छापलेले २४ शब्द आणि माझे ७,९८,४०० रुपये

हे लिहायला मला तीन महिने लागले. घरात बायको, मुलगी आणि पुण्यातला मेहुणा सोडून कुणाला सांगितलेलं नाही. कारखान्यात तर नाहीच. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका मशीनशॉपमध्ये मी एकोणीस वर्षं इनवर्ड तपासणीला आहे. फौंड्रीतून आलेलं कास्टिंग हातात घेतलं की ब्लोहोल, म्हणजे धातूत राहिलेली पोकळी, कुठे असेल ते मला व्हर्निअर लावायच्या आधी कळतं. त्या माणसाला बिटकॉईन सांभाळायच्या मशीनसोबत आलेल्या एका पुठ्ठ्याच्या कार्डाने गंडवलं, हे सांगायला तोंड नव्हतं. पण परवा त्या मशीनची तीच जाहिरात पुन्हा दिसली. फोटो तोच, विकणाऱ्याचं नाव तेवढं बदललेलं. म्हणून लिहितोय.

आधीच सांगतो, मी कुठल्या दामदुप्पट स्कीममध्ये नव्हतो. आपल्याकडे बिटकॉईन म्हटलं की लोकांना हॉटेलातले सेमिनार आणि साखळीच आठवते. मी २०२१ पासून पगारातून थोडं थोडं घेत होतो. कधी ३,०००, कधी ५,०००, दिवाळीचा बोनस आला की २०,०००. एकूण घातले ३,१२,००० रुपये आणि हातात होते ०.०९४२ बिटकॉईन. प्रत्येक खरेदी वहीत लिहिलेली आहे. मुलगी आता दहावीला गेली, तिच्या पुढच्या शिक्षणाचा हा पैसा होता.

तो एक्स्चेंजवर, म्हणजे बिटकॉईनची खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीच्या खात्यात, पडून होता तोपर्यंत ठीक होता, हेच मला सहन होत नाही. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं आणि लोकांचे पैसे अडकले. माझं खातं दुसरीकडे होतं, तरी झोप उडाली. २०२२ ला एफटीएक्स हे परदेशी एक्स्चेंज बुडालं तेव्हापासून सगळे एकच सांगत होते, किल्ली आपल्या हातात नसेल तर नाणंही आपलं नाही. म्हणून हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉईनची किल्ली आपल्याच हातात ठेवणारं छोटं मशीन, घ्यायचं ठरवलं. म्हणजे मी हावरटपणा करायला गेलो नव्हतो, पैसा सांभाळायला गेलो होतो.

कंपनीच्या साईटवरून मागवलं तर कस्टम धरून १२,३०० च्या आसपास जात होतं. एका मोठ्या शॉपिंग साईटवर तेच मॉडेल ७,४५० ला, 'सीलबंद, बिलासह', साडेचार स्टार. वाचणार होते ४,८५०. आता जे म्हणतात की एवढं स्वस्त बघून शंका यायला हवी होती, त्यांनी स्वतःचा मोबाईल कुठून आणि किती सवलतीत घेतला ते आठवावं. ही काही गल्लीतली साईट नव्हती.

खोकं आलं. प्लास्टिकचं वेष्टन घट्ट, वर चकचकीत होलोग्राम. मी भिंग लावून बघितला. कुठे उचकटल्याची खूण नाही. (होलोग्रामला काही अर्थ नाही, हे नंतर समजलं. ते स्टिकर किलोने मिळतात. काही कंपन्या तर मुद्दामच सील लावत नाहीत.) मशीनही अस्सल होतं. कंपनीच्या ॲपने तपासून 'खरं' असं सांगितलं. म्हणूनच कंपनीचं नाव मी घेत नाही, त्यांच्या मालात खोट नव्हती. खोट होती खोक्यात वरून घातलेल्या कार्डात. जाड कागद, कंपनीचा लोगो, मोबाईल रिचार्जच्या कुपनासारखा करडा पट्टा. नाण्याने खरवडायचा. खाली ओळीने २४ इंग्रजी शब्द. शेजारी सूचना होती की वॉलेट 'ॲक्टिव्हेट' करायला रिस्टोअर निवडा आणि हे शब्द भरा.

ती रात्र मला घड्याळासकट आठवते. साडेनऊ वाजले होते. जेवणं झाली होती, मी टेबलावर बसलो होतो आणि मुलगी शेजारी गणितं सोडवत होती. त्या एवढ्याशा स्क्रीनवर दोन पर्याय आले, नवीन वॉलेट तयार करा किंवा जुनं रिस्टोअर करा. मी रिस्टोअरवर गेलो. ती वाकून बघत म्हणाली, "पप्पा, रिस्टोअर म्हंजे जुनं परत आणायचं ना? हे तर नवीन हाय की."

मी तिला म्हणालो, "तू तुझी गणितं बघ."

चौदा वर्षांच्या पोरीने ब्लोहोल दाखवला आणि मी तिला गप्प केलं. रोज दुसऱ्याचा माल रिजेक्ट करणारा मी, त्या एका वाक्यावर थांबलो असतो तर आज सगळं जागेवर असतं. रात्री अडीचला जाग आली की तेच वाक्य ऐकू येतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात आणि तेच तुमची किल्ली असतात. पिन फक्त त्या हातातल्या मशीनला लागतो. शब्द ज्याच्याकडे असतील तो जगात कुठूनही, दुसऱ्या कुठल्याही वॉलेटमध्ये ते घालून पैसे हलवू शकतो, तुमचं मशीन कपाटात कुलूपबंद असलं तरी. म्हणून शब्द तुमच्यासमोर, तुमच्या मशीनच्या स्क्रीनवरच जन्माला यायला पाहिजेत. कार्डावर, कागदावर, मेलमध्ये, व्हिडिओत, कुठेही आधीच लिहिलेले आले तर ते चोराचे शब्द आहेत. खोकं तिथेच बंद करा.

मी मात्र किती काळजी घेतली बघा. १२ जानेवारीला आधी फक्त ०.००२० पाठवून बघितलं. आलं. दोन आठवडे वाट बघितली, काही हललं नाही. चोरही वाटच बघत होता, हे मला सुचलं नाही. एवढ्याशा रकमेला हात लावून तो मला सावध कशाला करेल? मधल्या रविवारी मी शॉपवर गेलो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं होतं, मुलीच्या शाळेचे दाखले भिजले होते, म्हणून कागदावर भरवसा नव्हता. ३०४ ग्रेड स्टेनलेसची पट्टी कापली, कडा घासल्या आणि अक्षरांचे पंच घेऊन हातोडीने शब्द ठोकले. त्या यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, म्हणजे ९६ च्या आसपास ठोके. 'एन' दोनदा तिरका बसला म्हणून पट्टी टाकून दुसरी घेतली. अडीच तास मी चोराची किल्ली पोलादात कोरत बसलो होतो. मग २६ जानेवारीला उरलेले ०.०९२२ पाठवले.

११ फेब्रुवारी, मंगळवार. रात्री ॲप उघडलं तर शिल्लक शून्य. पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी सगळं एका झटक्यात गेलेलं. त्या दिवशीच्या भावाने ७,९८,४०० रुपये. बायको विचारत राहिली, "अहो, काय झालं? बरं वाटत नाहीये का?" मला बोलता येत नव्हतं.

त्याच रात्री पोर्टलवर तक्रार टाकली. तुम्हालाही असं झालं तर सकाळची वाट बघू नका, १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन आणि सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार लगेच करा. पैसे कुठल्या पत्त्यावर गेले आणि ट्रान्झॅक्शनचा नंबर काय, ते छापून ठेवा. मी सगळे कागद घेऊन दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले, "बिटकॉईन म्हंजे ते चेन मार्केटिंगच न्हवं?" मी समजावलं. "मग बेकायदेशीर हाय की ते. घेतलासा कशाला?"

बेकायदेशीर? १ एप्रिल २०२२ पासून सरकार यावर ३० टक्के कर घेतं. १ जुलै २०२२ पासून विकताना १ टक्का टीडीएस कापतं. २०२३ ला बहिणीच्या ऑपरेशनला मी थोडं विकलं तेव्हा माझाही कापला. बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून लांब राहायला सांगणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये रद्द केलं. कर घेताना कायदेशीर, आणि चोरी झाली की आम्ही गुन्हेगार! वर नफ्यावर पूर्ण कर आणि तोटा कशातूनही वजा करता येत नाही.

मग सुरू झाल्या फेऱ्या. आयटी कायद्याच्या गुन्ह्याचा तपास पीआय दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो, आणि साहेब शिवजयंतीच्या बंदोबस्ताला. "एकोणीस तारीख होऊ द्या, मग या." शिवजयंतीचा बंदोबस्त मला कळतो. पण माझे पैसे त्या वेळी एकाच पत्त्यावर पडून होते, मी रोज एक्स्प्लोररवर, म्हणजे बिटकॉईनचे सगळे व्यवहार उघड दाखवणाऱ्या साईटवर, बघत होतो. १७ तारखेला ते हलले आणि त्यातला मोठा भाग ज्या पत्त्यावर गेला तिथे एका परदेशी एक्स्चेंजचं लेबल होतं. रस्त्यात कुणीच थांबवू शकत नाही, पण एक्स्चेंजवर आलेला पैसा पोलिसांच्या पत्राने गोठवता येतो. मी स्वतः त्या एक्स्चेंजला मेल केला. उत्तर आलं, फक्त तपास यंत्रणेचं पत्र चालेल. तो मेल छापून ठाण्यात नेला. "इंग्रजी हाय, वाचून बघतो," म्हणाले. पुढच्या खेपेला तो कागद सापडेना. तोपर्यंत मला साध्या अर्जाची पोचही दिली नव्हती. मी इनवर्डचा माणूस, गेटवर आलेल्या एका नटबोल्टच्या खोक्याचीही नोंद होते. माझ्या आठ लाखांच्या अर्जाला आवक नंबर मागितला तर "विश्वास न्हाई व्हय तुमचा?"

पुण्याहून मेहुणा आला. "दाजी, वॉलेट घेताना मला एक फोन करायचा की," एवढंच बोलला. त्याने वकील गाठून दिला. दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यायला ठाणं नकार देत असेल तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं आहे. ते केल्यावर ५७ व्या दिवशी गुन्हा नोंदला गेला. न्याय संहितेचं ३१८(४) आणि आयटी कायद्याचं ६६ डी, ही फसवणुकीची कलमं. ५७ व्या दिवशी! पैसा कधीच पसार झाला होता. शॉपिंग साईटवाले म्हणाले, परत करायची मुदत संपली आणि वस्तू चांगल्या स्थितीत पोचली होती. विकणाऱ्याचं खातं बंद.

आणि हेही सांगून टाकतो. मार्चमध्ये टेलिग्रामवर एकाने गाठलं, ब्लॉकचेनवरून पैसे परत आणतो म्हणाला. त्याला ६,००० दिले. बुडत्या माणसाला काडीचा आधार वाटतो, ज्याच्यावर वेळ आली नाही त्याने हसू नये. पण तुम्ही देऊ नका. गेलेलं बिटकॉईन परत आणणारा असा कुणी नसतो.

मशीन फक्त कंपनीकडून किंवा कंपनीच्या साईटवर नाव असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. चार हजार जास्त गेले तर जाऊ द्यात. आल्याबरोबर रीसेट करून शब्द स्वतः नव्याने तयार करा. शब्दांचा फोटो काढू नका, कुठल्याही 'सपोर्ट'वाल्याला सांगू नका. पंचविसावा शब्द, म्हणजे पासफ्रेज, स्वतःच्या मनाने जोडता येतो. तो मी जोडला असता तर चोराला चोवीस शब्द असूनही काही मिळालं नसतं. ही सोय मशीनमध्येच होती, मी 'नंतर बघू' म्हणालो.

माझे पैसे ज्या पत्त्यावर पहिल्यांदा गेले, तिथे त्याच महिन्यात आणखी अकरा रकमा आलेल्या दिसतात. कुणाच्या ते मला माहीत नाही. पण करडा पट्टा खरवडून ज्याने वॉलेट सुरू केलंय आणि शिल्लक अजून दिसतेय, त्याने आज रात्रीच नवीन शब्द तयार करून पैसे तिकडे हलवावेत. तुमची रक्कम मोठी व्हायची तो वाट बघतोय.

सोमवारी मी पुन्हा ठाण्यात जाणार आहे. कार्ड, खोकं आणि ती स्टीलची पट्टी पुराव्यात जमा करून घ्या म्हणून. मागच्या वेळी पट्टी उलटीपालटी करून परत दिली होती. या वेळी पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.