वजनाला भुलले आणि पैठणीत फसले

गेल्या मार्गशीर्षात लेकीच्या लग्नासाठी मी २४,००० रुपयांची पैठणी घेतली. ‘शुद्ध रेशीम, येवल्याचा हातमाग’ असं सांगून दिलेली ती साडी ना शुद्ध रेशमाची निघाली ना हातमागाची. पुन्हा लग्नसराई तोंडावर आली आहे, म्हणून कसं फसवलं ते सगळं लिहितेय.

दुकानदारानं साडी माझ्या हातावर ठेवली. “ताई, वजन बघा. असली माल असाच भरतो.” मग काट्यावर ठेवली, ८४० ग्रॅम. माझा विश्वास बसला. जड साडी म्हणजे भारी साडी, हेच आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं. पण ते वजन रेशमाचं की आणखी कशाचं, हे काटा सांगत नाही. कोशातून निघालेल्या धाग्यावर सेरिसिन नावाचा डिंक असतो. तो उकळून काढला की धागा मऊ होतो, चमकतो, पण वजन जवळपास पाव हिश्श्यानं घटतं. ही तूट खळीनं किंवा धातूच्या क्षारांनी भरून काढायची लबाडी फार जुनी आहे, आणि क्षारांनी जड केलेलं रेशीम पुढे घडीवर चिरतं. माझ्या साडीचं वजन तर जाड पॉलिस्टरचं आणि नकली जरीचं होतं.

धागा जाळून दाखवा, असं मी म्हटलं होतं. त्यानं पदराच्या दशीतला एक धागा ओढून काडी लावली. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटांत चुरली. मी निर्धास्त झाले. खरी मेख इथंच होती. पदराच्या दशा म्हणजे उभे धागे, ताणा. तो रेशमाचाच होता. आडवा धागा, बाणा, पॉलिस्टरचा. तो जाळा असं मी म्हटलंच नाही, कारण दोन्ही वेगळे तपासायचे असतात हे मला ठाऊक नव्हतं.

लग्नानंतर सत्यनारायणाच्या दिवशी माझ्या मामेसासूबाईंनी पदर उलटा केला. त्यांचं माहेर येवल्याचं. “अगं, ही जाळी कशाला लावलीय?” बांगड्या अडकू नयेत म्हणून, असं मला दुकानात सांगितलेलं. त्यांनी नखानं जाळी उचलली. खाली एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत मोकळे धागे लोंबत होते. हातमागावर प्रत्येक नक्षीचा रंगीत धागा वेगळा घेऊन शेजारच्या धाग्यात हातानं अडकवतात, त्यामुळे पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो. मग त्यांनी काठाजवळचा एक आडवा धागा काढून पेटवला. तो वितळला, आक्रसला आणि टणक काळा मणी झाला. बोटांनी फुटेना.

दुकानात भिंतीवर सिल्क मार्कची पाटी होती, साडीला मात्र लेबल नव्हतं. होलोग्राम आणि क्रमांक असलेलं लेबल त्या साडीलाच हवं. तेही फक्त रेशमाची खात्री देतं. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा.

परत गेले तेव्हा दुकानदारानं माझ्याच बिलावर बोट ठेवलं. ‘फॅन्सी साडी, १ नग.’ रेशीम हा शब्दच नव्हता. तुम्ही घ्याल तेव्हा ‘शुद्ध रेशीम, ताणा-बाणा दोन्ही, हातमाग’ असं बिलावर लिहून मागा. कां-कूं केली तर साडी तिथंच ठेवून उठा. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तो काळा मणी बिलासोबत पाकिटात जपून ठेवलाय.