करडांची तयार औषधपेटी: घ्यावी, पण अर्धी रिकामी करून

पावसाळा तोंडावर आला की ठाणे जिल्ह्यातल्या जनावरांच्या औषधांच्या दुकानांत करडांच्या प्रथमोपचाराची तयार पेटी दिसायला लागते. किंमत दीड हजाराच्या आतबाहेर. आत डिजिटल थर्मामीटर, पोटात घालायची नळी, 20 मिलीची सिरिंज, ओआरएसची पाकिटं, पोटफुगीचं औषध, जंतनाशकाची बाटली, जुलाब थांबवायच्या गोळ्या, आयोडीन आणि झाकणाला चिकटवलेला लक्षणांचा तक्ता. मुरबाड-शहापूरकडे दहा-वीस शेळ्या पाळणारे ती घेतातच. हल्ली घणसोली-तुर्भ्याच्या गावठाणात घरामागे दोन-चार शेळ्या बांधणारेही घेऊ लागलेत.

सकाळी उड्या मारणारं करडू दुपारी मान टाकून पडलं, तर डॉक्टर येईपर्यंत या पेटीचा काही उपयोग आहे का, एवढंच पाहायचं. आहे, पण तो मुख्यतः थर्मामीटर आणि नळी या दोन वस्तूंचा, आणि नळीही बदलून घ्यावी लागते. बाकीच्यांत काही निरुपयोगी आहेत आणि एक तर थेट घातक.

थर्मामीटर चांगला आहे. टोक लवचिक, आकडा पटकन येतो. टोकाला तेल लावून गुदद्वारात दोन-तीन सेंटीमीटर आत घालायचा आणि किंचित तिरका धरायचा, म्हणजे टोक आतल्या भिंतीला टेकतं. लेंडीत रुतला तर आकडा कमी दाखवतो. गडबड आहे ती तक्त्यात. '102 च्या वर ताप' असं त्यात छापलंय. हे माणसाचं गणित. शेळीचं नेहमीचं तापमान 101.5 ते 103.5 फॅरनहाइट असतं, करडाचं किंचित जास्तच. मे महिन्यात पत्र्याखाली बांधलेलं धडधाकट करडू 104 दाखवू शकतं. त्याला अर्धा तास सावलीत ठेवून पुन्हा मोजायचं. तक्ता प्रमाण मानला तर निम्म्या कळपाला इंजेक्शनं टोचली जातील. तो फाडून टाका आणि झाकणावर स्वतःच्या हाताने तीन ओळी लिहा.

पहिली ओळ: 105 च्या वर, सोबत खोकला, नाका-डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड किंवा हगवण असेल तर फुप्फुसदाह किंवा पीपीआरचा (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथरोग) संशय धरायचा. करडू लगेच वेगळं बांधायचं आणि त्याचं पाण्याचं भांडंही वेगळं करायचं. सावलीत, शांत उभं असताना मिनिटाला 60 च्या वर श्वास पडत असतील तर संध्याकाळची वाट पाहू नये.

दुसरी ओळ: 100 च्या खाली. हे बहुतेक नवजात करडू असतं, पावसात भिजलेलं किंवा चीक न मिळालेलं. तोंडात बोट घातलं तर आतून गार लागतं. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे गार करडाला दूध पाजणं. त्याचं आतडं चालत नसतं, दूध तसंच साचतं किंवा छातीत उतरतं. आधी अंग कोरडं करायचं आणि ऊब द्यायची. कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही कुशींना लावायच्या, खाली गोणपाट घालायचं. तापमान 100 च्या वर आलं आणि मान धरता यायला लागली की मग चीक. जन्मून पाच-सहा तास उलटलेलं, गार आणि बेशुद्ध करडू असेल तर त्याच्या रक्तातली साखर संपलेली असते. नुसती ऊब दिली तर झटके येऊन जातं. त्याला ऊब देण्याआधी पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन लागतं आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं.

तिसरी ओळ सगळ्यात फसवी. थर्मामीटर जवळजवळ नेहमीचा आकडा दाखवतो, पण करडू ओरडतं, पाय झाडतं, मान मागे टाकतं, पोट फुगतं. आंत्रविषार, विषबाधा, पोटफुगी, तिन्ही यात येतात. आंत्रविषारात ताप असेलच असं नाही, म्हणून आकडा बघून निर्धास्त राहायचं नाही. कळपातलं सगळ्यात गुटगुटीत, आईचं भरपूर दूध पिणारं करडूच यात आधी जातं. आतड्यात थोडे असणारेच जंतू जास्तीच्या दुधा-दाण्यावर झपाट्याने वाढतात आणि विष सोडतात. पहिल्या पावसानंतरचं लुसलुशीत गवत, एकदम वाढवलेला मका किंवा गहू, लग्नाच्या मांडवातला उरलेला भात, ही नेहमीची कारणं. काही तासांत खेळ आटोपतो.

इथेच पेटीतल्या जुलाब थांबवायच्या गोळ्या घातक ठरतात. आतड्याची हालचाल थांबली की विष आतच राहतं आणि रक्तात जास्त भिनतं. करडू घाण करायचं थांबतं, मालकाला बरं वाटतं आणि पहाटे ते मेलेलं सापडतं. या गोळ्या पेटीतून काढून टाका, घरातल्या माणसांच्याही देऊ नका.

आता नळी. पेटीतली नळी तान्ह्या बाळांची, 8 नंबरची आहे. ती इतकी मऊ आणि बारीक की घशात वळते, श्वासनलिकेतही सहज शिरते, आणि घट्ट चीक तिच्यातून उतरत नाही. कुठल्याही मेडिकलमधून 12 किंवा 14 नंबरची राइल्स ट्यूब आणि तिच्या तोंडात बसणारी 50 मिलीची सिरिंज आणा. करडाच्या नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत नळी बाहेरून मोजायची आणि तिथे चिकटपट्टी लावायची. टोक ओलं करून जिभेच्या कडेने हळू सरकवायचं, करडू गिळेल तसतसं. करडू नीट ओरडू शकतंय म्हणजे नळी श्वासनलिकेत नाही. खोकलं, धाप लागली किंवा खुणेच्या आधीच अडली तर सरळ बाहेर काढायची. दूध दट्ट्याने ढकलायचं नाही. दट्ट्या काढून सिरिंज नरसाळ्यासारखी वर धरायची आणि दूध आपोआप उतरू द्यायचं. काढताना नळी चिमटीत दाबून काढायची, नाहीतर शेवटचे थेंब छातीत जातात. चीक किती? वजनाच्या दहा टक्के, पहिल्या 24 तासांत. म्हणजे 2 किलोच्या करडाला 200 मिली, चार वेळा विभागून, पहिला शक्यतो दोन तासांच्या आत. ज्याला नीट चोखता येत नाही त्याला बाटलीने पाजू नये, नळीनेच द्यावं. मान धरता येत नसेल किंवा गिळत नसेल तर नळीही घालू नये.

ओआरएसची पाकिटं ठीक आहेत, माणसांचीच आहेत. पाकीट 1 लिटर पाण्याचं असेल तर पूर्ण लिटरच घ्यायचं. 'कडक' केल्याने हगवण वाढते. मानेवरची चिमूट सोडल्यावर कातडी दोन सेकंदांत बसली नाही तर पाणी कमी झालंय. 5 किलोच्या करडाला एका वेळी 150 ते 200 मिली, दिवसात चार-पाच वेळा. दुधात मिसळायचं नाही, मध्ये दोन तास जाऊ द्यायचे. तीन आठवड्यांपासून चार-पाच महिन्यांपर्यंतच्या करडाला रक्ताची हगवण आणि कुंथणं दिसलं तर कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) असण्याची शक्यता मोठी. त्याचं औषध या पेटीत नाही, आणि लेंडी तपासून घेतलेलं बरं.

पोटफुगीचं औषध चालेल, पण हाताशी नसेल तर 15 किलोच्या करडाला 30 मिली गोडेतेल पुरतं, नळीनेच. तेल चुकीच्या वाटेने गेलं तरी करडू खोकेलच असं नाही, आणि ते छातीत गेलं तर सुटका नाही. करडाचे पुढचे पाय उंचावर ठेवून डावी कूस चोळायची. कूस ताशासारखी वाजत असेल आणि श्वास तुटत असेल तर पुढचं काम डॉक्टरांचं. जंतनाशकाची बाटली आणीबाणीची वस्तूच नाही. त्यातलं अल्बेंडाझोल नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला गेलं तर पोटातल्या पिल्लात व्यंग येऊ शकतं, आणि पेटी गोठ्यात असली की बाटली सगळ्यांनाच पाजली जाते. पावसाळ्यात पडलेल्या करडाची खालची पापणी उलटून पाहा. पांढरीफटक असेल, जबड्याखाली सूज असेल तर जंतांनी रक्त शोषलंय. औषध लागेलच, पण डॉक्टरांनी वजनावर ठरवलेलं.

नवी मुंबईत आणखी एक भानगड. सोसायट्यांच्या बागांतली आणि रस्त्याच्या दुभाजकांवरची छाटणी शेळ्यांपुढे टाकली जाते. त्यात कण्हेर असते. थोड्याशा पानांनीही हृदयाचे ठोके बिघडतात. करडाने ती खाल्ल्याचा संशय असेल तर उरलेली फांदी डॉक्टरांना दाखवायला ठेवा, करडाला पळवू नका, तोंडात काही ओतू नका.

दुकानदार सांगत नाही ते असं: आंत्रविषार टाळायचा मुख्य उपाय लसच, आणि ती पेटीत मावत नाही, कारण तिला फ्रीज लागतो. मे महिन्यातच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं. लस पहिल्यांदाच टोचत असाल तर दुसरा डोस दोन-तीन आठवड्यांनी हवाच. एकाच डोसवर थांबल्यामुळे 'लस देऊनही मेलं' अशी तक्रार ऐकू येते. गाभण शेळीला विण्याआधी महिनाभर टोचली तर चिकातून संरक्षण पिल्लाला मिळतं. पीपीआरची लस वेगळी, तीन-चार महिन्यांच्या पुढे.

मदतीसाठी 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री क्रमांक. फोनवर 'करडू आजारी आहे' एवढं सांगून भागत नाही. वय, अंदाजे वजन, तापमान, श्वास, कालपासून खाण्यात काय बदललं, आणि किती करडांना त्रास आहे, हे कागदावर लिहून ठेवून मग फोन लावा.

करडू मेलंच तर पुरायची घाई नको. जूनच्या दमटपणात काही तासांत आतडी कुजतात आणि मग आंत्रविषार ओळखता येत नाही. सावलीत, शक्य तर बर्फावर ठेवून लगेच शवविच्छेदनाची सोय विचारा. मात्र नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त आलं असेल तर त्याला हात लावू नका, चाकू तर नाहीच. ते फाशी (अँथ्रॅक्स हा रोग) असू शकतं, आणि ते माणसालाही होतं. जागा अडवून ठेवा, कुत्री येऊ देऊ नका आणि दवाखान्याला तसं स्पष्ट सांगा.