मोठ्या शिकारीसाठी स्लग: कुठली नळी, कुठलं काडतूस, किती अंतर?

छर्ऱ्यांऐवजी एकच जड गोळी असलेलं शॉटगनचं काडतूस म्हणजे स्लग. हरीण किंवा रानडुक्कर त्याने पडेल का, हा पहिला प्रश्न असतो. पडेल, त्यात शंका नको. खरा घोळ अंतराचा आहे.

बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप; १२ बोअरची नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर. तिच्यातून २८ ग्रॅमचं शिसं सेकंदाला सुमारे १,६०० फुटांनी सुटतं. तोंडाशी ऊर्जा २,४०० फूट-पाउंडांच्या घरात, म्हणजे पॉइंट ३०८ रायफलच्या जवळपास. डब्यावर छापलेला हा आकडा पाहून माणूस भुलतो. स्लग बोजड आणि बुटका असल्याने हवा त्याला लवकर रोखते. १०० यार्डांवर वेग हजार फुटांच्या आसपास उतरतो आणि निम्म्याहून जास्त ऊर्जा वाटेतच संपलेली असते. रायफलची टोकदार गोळी तेवढ्या अंतरावर चार-पंचमांशाहून जास्त ऊर्जा टिकवून असते, वाऱ्यानेही कमी ढळते. कायदा रायफल चालवू देत असेल आणि मोकळ्या रानात लांबून नेम धरायचा असेल, तर रायफलच घ्यावी.

पण दाट झाडीत, ५०-६० यार्डांच्या आत, स्लग कशालाच हार जात नाही. गोळी फुलण्याआधीच भोक एवढं रुंद पडतं की फुप्फुसात लागलेलं हरीण थोडं पळालं तरी रक्ताचा माग सापडतो.

आता स्लगांतली निवड. गुळगुळीत नळी हाताशी असेल तर फॉस्टर किंवा ब्रेनेके. अमेरिकेच्या कार्ल फॉस्टरने १९३१ मध्ये काढलेला स्लग मऊ शिशाचा असतो आणि मागून पोकळ. वजन सगळं पुढे, त्यामुळे तो बॅडमिंटनच्या फुलासारखा नाक पुढे ठेवून जातो. अंगावरच्या तिरक्या खाचा पाहून तो गरगर फिरत असेल असं वाटतं, पण त्यांनी नावापुरतीच फिरकी मिळते. चोकमधून, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेल्या आकुंचनातून, जाताना शिशाला दबायला जागा मिळावी, हे त्यांचं खरं काम. तरी चोक सिलिंडर किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर, म्हणजे मोकळाच ठेवावा. जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेकेचा स्लग त्याहून जुना, १८९८ चा. तो भरीव असतो आणि त्याचा वॅड (दारू आणि गोळी यांच्यामधला बोळा) मागे घट्ट जोडलेला राहतो. मऊ फॉस्टर जाड हाडावर चपटा होतो, कठीण शिशाचा ब्रेनेके आरपार जातो. हरणाला दोन्ही चालतात. मोठ्या अस्वलासमोर मी फॉस्टर भरणार नाही.

तिसरा प्रकार सेबो. यात नळीपेक्षा बारीक गोळी प्लॅस्टिकच्या वेष्टनात बसवलेली असते. वेष्टन नळीतल्या आट्या (आतल्या वळणदार खाचा) पकडतं, गोळीला फिरकी देतं आणि बाहेर पडताच गळून जातं. वेग १,९०० फुटांच्या वर जाऊ शकतो आणि चांगल्या बंदुकीतून १५० यार्डांपर्यंत भरवसा ठेवता येतो. अट एकच: नळी आट्यांची हवी. गुळगुळीत नळीतून सेबो मारला तर गोळी कोलांट्या खाते आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडवी चीर उमटते. महागडं काडतूस वाया, शिवाय जनावर जखमी होऊन निसटायची भीती. उलट, आट्यांच्या नळीत फॉस्टर चालतो, पण शिसं आट्यांत बसतं आणि साफ करताना हात दुखतात.

धक्का कमी लेखू नका. १२ बोअरचा सेबो खांद्याला इतका झोडपतो की चौथ्या-पाचव्या बाराला माणूस घोडा दाबतानाच डोळे मिटतो. नवी बंदूक घ्यायचीच असेल तर मी आट्यांच्या जड नळीची २० बोअर (१२ पेक्षा बारीक नळी), बोल्टवाली, म्हणजे हाताने बोल्ट ओढून भरायची, घेईन. हरणासाठी ती भरपूर झाली.

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, सपाट आणि दाट वस्तीच्या भागात, हरणासाठी स्लगच वापरा असे नियम वर्षानुवर्षं होते. गोळी फार लांब जात नाही, हे त्यामागचं कारण. पेनसिल्व्हेनियात २००७ मध्ये झालेल्या अभ्यासाने त्यात एक मेख दाखवली: नळी जमिनीला समांतर धरून मारलेला स्लग जमिनीवर आपटून उसळतो आणि रायफलच्या गोळीपेक्षाही लांब जाऊ शकतो. म्हणून स्लग असला तरी मागे मातीचा चढ बघूनच बार काढायचा. ओहायो आणि मिशिगनच्या दक्षिण भागाने २०१४ मध्ये सरळ पुंगळीच्या (तोंडाशी एकदम अरुंद न होणाऱ्या) काडतुसांच्या रायफलींना परवानगी दिली. अशा ठिकाणी पॉइंट ३५० लेजंडसारखी रायफल हलक्या धक्क्यात सेबोचं काम करते. तिथे केवळ स्लगसाठी नवी बंदूक घ्यायला मला कारण दिसत नाही.

घरात गुळगुळीत नळीची शॉटगन आधीच असेल तर आधी तीन-चार बनावटींचे स्लग आणून टेकूवरून कागदावर मारून पाहा. एकाच बंदुकीत एक बनावट मुठीएवढ्या जागेत पडते आणि दुसरी ताटभर पसरते. ज्या अंतरापर्यंत सगळे बार वीतभर वर्तुळात राहतात, तिथे तुमची हद्द संपते, मग ती ४० यार्डांची का असेना.