‘सबमरीन’: स्वतःला नायक समजणाऱ्या मुलाची गोष्ट
आपल्यामागे सतत एखादा चित्रपटाचा चमू फिरत असावा, असे पंधरा वर्षांच्या ऑलिव्हर टेटला वाटते. आपण पाठ फिरवून चालू लागलो की कॅमेरा क्रेनवरून अलगद वर जावा, ही त्याची इच्छा. पण परिस्थिती सुधारली नाही तर आपल्या चरित्रपटाच्या अंदाजपत्रकात जेमतेम ‘झूम आउट’ बसेल, असेही तो गंभीरपणे सांगतो, आणि त्याच क्षणी पडद्यावरचा कॅमेरा निमूटपणे झूम आउट होतो. बेताच्या खर्चात काढलेल्या चित्रपटाने स्वतःच्याच खिशाची केलेली ही थट्टा ज्यांना आवडेल, त्यांनी रिचर्ड आयोआडी यांचा ‘सबमरीन’ (२०१०) अवश्य पाहावा.

जो डनथॉर्न यांच्या २००८ सालच्या कादंबरीवर आधारलेली ही गोष्ट वेल्समधील स्वॉन्झी या समुद्रकाठच्या शहरात घडते. ऑलिव्हरपुढे दोन कामगिऱ्या आहेत: वर्गातल्या जॉर्डाना बेव्हनचे मन जिंकणे आणि आईवडिलांचा मोडकळीला आलेला संसार सावरणे. आईचा जुना प्रियकर, जो आता गूढविद्येवर व्याख्याने देत फिरतो, नेमका शेजारी राहायला आल्यामुळे दुसरी कामगिरी अधिकच तातडीची होते. आईवडिलांच्या नात्याची प्रकृती कशी आहे, हे ऑलिव्हर त्यांच्या शयनगृहातील दिव्याच्या बटणावरून ठरवतो, कारण उजेड मंद केलेला असेल तर रात्र बरी गेली, असा त्याचा हिशेब असतो.

या चित्रपटातील विनोद बहुतेक वेळा संवादांपेक्षा निवेदनात दडलेला आहे. ऑलिव्हर जे सांगतो आणि आपल्याला जे दिसते, त्यांत नेहमीच थोडे अंतर असते. तो स्वतःच्या मृत्यूची कल्पना करतो तेव्हा सारे गाव शोकात बुडालेले दिसते, प्रत्यक्षात मात्र वर्गात त्याची फारशी दखल कोणी घेत नाही. क्रेग रॉबर्ट्स हा अभिनेता हे सारे जवळजवळ निर्विकार चेहऱ्याने करतो, आणि एकदाही आपण विनोद करत आहोत असे भासवत नाही, हे त्याचे मोठे यश आहे. तितकेच महत्त्वाचे म्हणजे चित्रपट ऑलिव्हरला निरागस ठरवण्याच्या फंदात पडत नाही. जॉर्डानाच्या नजरेत भरावे म्हणून तो एका मुलीच्या छळात सामील होतो, आणि नंतर तिलाच, इतरांत कसे मिसळावे याविषयी मार्गदर्शक पत्रिका लिहून देण्याचा आगाऊपणा करतो. आपण हसतो, पण त्या हसण्यात अस्वस्थता असते. जॉर्डानाची आई गंभीर आजारी पडते तेव्हा तर ऑलिव्हरची तर्कबुद्धी इतकी भरकटते की, मोठ्या दुःखाचा सराव व्हावा म्हणून तिच्या कुत्र्यालाच आधी मारावे का, असा विचार तो करू लागतो. आधार देण्याची खरी वेळ येते तेव्हा शब्दांचा हा सारा साठा त्याच्या कामी येत नाही, आणि माझ्या मते चित्रपटाचा गाभा तिथेच आहे.

जॉर्डानाच्या भूमिकेत यास्मिन पेज रुक्ष, रोखठोक आणि क्वचितच हळवी वाटते. लाल कोट, आगपेटीचे वेड आणि इसबाचा त्रास असलेली ही मुलगी स्वप्नाळू नायिकांच्या पठडीत बसत नाही. नोआ टेलर यांनी नैराश्याने खचलेला, सागरी जीवशास्त्र शिकवणारा बाप मात्र सर्वांवर मात करणारा रंगवला आहे. मुलाच्या आयुष्यात प्रेम आले हे कळल्यावर तो त्याला गाण्यांची कॅसेट भेट देतो आणि शेवटी काही गाणी ताटातुटीसाठीही भरून ठेवली आहेत, असे शांतपणे सांगतो. बापाच्या मायेचा इतका कोरडा आणि तरीही इतका खरा आविष्कार क्वचितच पाहायला मिळतो.

उणिवाही आहेत. शेजारचा तो गूढवादी पॅडी कॉन्सिडाइन यांनी मजेत साकारला असला तरी तो माणूस कमी आणि अर्कचित्र अधिक वाटतो, त्यामुळे आईच्या मोहाला पुरेसे वजन येत नाही. मध्यंतरानंतरचा काही भाग रेंगाळतो, आणि थबकलेल्या चौकटी व लाल-निळ्या रंगांची उधळण काही ठिकाणी दिग्दर्शकाच्या हौसेपुरतीच उरते. (पदार्पणासाठीच्या बाफ्टा पुरस्काराचे नामांकन आयोआडी यांना या चित्रपटासाठी मिळाले, पण पुरस्कार पटकावला तो याच कॉन्सिडाइन यांच्या स्वतःच्या पहिल्या चित्रपटाने.) ‘आर्क्टिक मंकीज’चे गायक ॲलेक्स टर्नर यांची गाणी मोजकी आहेत आणि समुद्रकाठच्या करड्या उजेडाला ती शोभून दिसतात.

चित्रपट ९७ मिनिटांचा आहे. ब्रिटनमध्ये त्याला पंधरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठीचे प्रमाणपत्र आहे, त्यामुळे लहान मुलांना सोबत बसवू नये. इंग्रजी सहज समजत असले तरी उपशीर्षके सुरू ठेवावीत, कारण निम्मी गंमत ऑलिव्हरच्या जडजंबाल शब्दांत आहे आणि तो ते पुटपुटल्यासारखे बोलतो.