चमकीजवळची गाठ: टायटॅनियम पिन, सलाईन आणि सिलिकॉन जेल, सहा-सात महिन्यांनंतरचं माझं मत

नाक टोचल्यावर दुसऱ्या महिन्यात चमकीच्या कडेला गाठ आली आणि तेव्हापासून मी फ्लॅट बॅक पिन (आतल्या बाजूला चपटी चकती असते ती), सलाईन आणि सिलिकॉन जेल असं तिन्ही वापरतेय. निकाल आधीच सांगून टाकते, पिनला पैकीच्या पैकी, सलाईनला फर्स्ट क्लास आणि जेल काठावर पास.

पण खरेदीच्या आधी गाठ कसली आहे ते बघा, कारण हल्ली नाकावर काहीही आलं की सगळे केलॉइड केलॉइड करतात, म्हणजे जखमेची हद्द सोडून वाढत जाणारा व्रण. पांढरं तोंड आलेली, ठणकणारी, हाताला गरम लागणारी असेल तर आत पू झालाय, अशा वेळी घाबरून चमकी काढून टाकू नका, भोक बुजतं आणि पू आतच अडकतो, सरळ डॉक्टरकडे जा. लालभडक, ओलसर आणि टॉवेल लागला तरी रक्त येणारी असेल तर तो बहुधा ग्रॅन्युलोमा, तो डॉक्टर जाळून वगैरे काढतात. भोकाला चिकटून असलेली, गुलाबीसर, टणक आणि वाढली तरी भोकाच्या आसपासच राहणारी म्हणजे हायपरट्रॉफिक स्कार, माझी ही निघाली. स्किनच्या डॉक्टरांनी बोटाने दाबून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, घरात कुणाला केलॉइड आहे का. आहे ना, आतेबहिणीला, कानाच्या वरच्या कडेला टोचलं तिथे. तिचा काही महिन्यांनी उगवला आणि भोकाची हद्द सोडून पसरत गेला, खाज तर विचारूच नका. तिला महिन्या-महिन्याने ट्रायॅमसिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं घ्यावी लागली, गाठ बसली पण तिथली कातडी पांढुरकी पडलीय. केलॉइड नुसता कापून काढला तर बऱ्याचदा परत येतो, त्यामुळे कुणी म्हणालं की छोटंसं ऑपरेशन करून टाकू तर पुढचं इंजेक्शन वगैरे काय ते आधी विचारून घ्या.

आता पिन. मला सराफाने टोचताना तारेची चमकी घातली होती, आत तार वळवलेली. सोनं २२ कॅरेटचं, म्हणजे ९१.६ टक्के सोनं आणि बाकी तांबं-चांदी, त्यामुळे माझ्या बाबतीत धातूचा दोष नव्हता, दोष होता त्या तारेच्या हलण्याचा. झोपेत कूस बदलली की फिरायची, आणि स्कूटीवर जाताना तोंडाला बांधलेला स्कार्फ काढताना तर रोज एकदा तरी ओढली जायची (पुण्यात स्कार्फशिवाय गाडी चालवून दाखवा). आर्टिफिशियल चमकी असेल तर मात्र निकेलची अ‍ॅलर्जी हे वेगळंच प्रकरण.

म्हणून इम्प्लांट ग्रेड, म्हणजे शरीरात बसवण्याच्या दर्जाच्या टायटॅनियमची फ्लॅट बॅक घेतली. त्या दर्जाचं मानक, एएसटीएम एफ१३६, लिहिलंय का तेवढं बघा, नुसतं टायटॅनियम कोटेड म्हणजे आत काहीही असू शकतं. माझं भोक बारीक म्हणून २० गेज, साधारण ०.८ मिमी. आधी ८ मिमी लांबीची घातली, सूज उतरल्यावर ६ मिमीची, आणि हे पिन बदलणं विसरू नका कारण लांब दांडी मागेपुढे सरकत राहिली तर गाठ बसणार कशी. पिन घातल्यावर पहिले काही आठवडे काहीच फरक नव्हता, मग एक दिवस लक्षात आलं की गाठ चपटी व्हायला लागलीय. तक्रार एकच, आतली चकती सर्दीत भयंकर वैताग देते, आणि ती स्वतःची स्वतः काढता येत नाही, मला तरी नाही जमली.

सलाईन म्हणजे मेडिकलमध्ये मिळतं ते ०.९ टक्क्यांचं. बाटली फोडली की फार दिवस ठेवायची नाही, त्यामुळे मी नंतर जखमेवर मारायचा स्प्रे आणला. दिवसातून दोनदा गॉजवर घेऊन ठेवायचं, खपली मऊ होऊन आपोआप सुटते, नखाने काढायची नाही. कापूस नको, त्याचे तंतू पिनच्या दांडीला गुंडाळले जातात आणि मग ते सोडवताना परत जखम.

जेल बंद झालेल्या त्वचेवरच लावायचं, भोकात नाही, पातळ थर, दोन वेळा आणि किमान दोन-तीन महिने. नाकावर तेल सुटतं, त्यात आपण चष्मा सावरतो, नाक पुसतो, जेल टिकतंय कुठे. लाली थोडी कमी झाली असेल, पण खरं काम पिननेच केलं असं मला वाटतं, आणि एवढ्याशा ट्यूबची किंमत बघता नाकासाठी मी परत घेणार नाही.

बाकी घरोघरचे सल्ले आलेच. खोबरेल तेलात हळद, टी ट्री ऑइल, डेटॉल, अ‍ॅस्पिरिनची पेस्ट. हळदीने काही बिघडलं नाही पण तेलाने धूळ मात्र चिकटते, बाकीचे तिन्ही ताज्या जखमेवर नकोच, आग होते आणि भरत आलेली जखम परत चिघळते. एका मेडिकलवाल्याने न विचारता स्टिरॉइडचं मिक्स क्रीम हातात ठेवलं होतं, ते मी परत दिलं. असली क्रीमं चेहऱ्यावर मनानेच लावली की कातडी पातळ होते.

मधे मावसभावाचं लग्न होतं, नथ घालायचीच होती, तर दाबाची नथ गाठीपासून लांब, खाली सरकवून लावली आणि फोटो झाल्याबरोबर काढली.

सध्या गाठ नाही, कडेला एक बारीक काळसर ठिपका आहे जो मलाच दिसतो. जेलची अर्धी ट्यूब उरली होती ती आईने हातावरच्या फोडणीने भाजलेल्या व्रणाला लावायला घेतली, आणि तिथे मात्र चांगला फरक पडतोय.