देणगी कुठून द्यायची: ८०जी की गिफ्ट एड?

पगार ब्रिटनमधे, घरभाडं भारतात, टॅक्स दोन्हीकडे, आणि वर्षाला थोडीफार देणगी तर द्यायचीच आहे, अशांसाठी हे लिहितोय. माझंही तेच आहे, आणि दोन्हीकडून देऊन झालंय. इकडची देणगी तिकडच्या रिटर्नमधे चालत नाही. ८०जी, म्हणजे भारतातली देणगीवरची वजावट, तिथे मान्यता असलेल्या संस्थेलाच आणि गिफ्ट एड, म्हणजे ब्रिटनमधली देणगीवरची टॅक्स सवलत, ब्रिटिश चॅरिटीलाच, युरोपातल्या काही चॅरिटी आधी चालायच्या ते पण एप्रिल २०२४ पासून बंद झालं. पण भारतात काम करणाऱ्या ब्रिटिश चॅरिटी आहेतच, त्यामुळे काम तेच, पैसे कोणत्या दाराने पाठवायचे एवढाच प्रश्न.

कागदावर ८०जी वाईट नाहीये. ३० टक्के स्लॅब असेल तर १०,००० रुपये दिल्यावर साध्या ट्रस्टच्या बाबतीत निम्मी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते, म्हणजे सेस धरून १,५६० रुपये वाचतात. (पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीला वगैरे १०० टक्के, पण सगळ्यांनाच तिथे द्यायचं नसतं.) यासाठी जुनी रिजीम (जुनी करपद्धत) लागते, नवीनमधे ८०जी शून्य. आणि २०२३-२४ पासून नवीन रिजीमच डीफॉल्ट आहे, त्यामुळे रिटर्न मुदतीत भरलं नाही तर जुनी निवडायची संधीच जाते.

इथपर्यंत मला चालत होतं. माझं डोकं फिरलं ते १०बीई सर्टिफिकेटवरून, म्हणजे वजावटीसाठी लागणाऱ्या देणगीच्या दाखल्यावरून. पूर्वी ट्रस्टची पावती जपून ठेवली की झालं, आता तेवढ्याने भागत नाही. ट्रस्टने वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत १०बीडी, म्हणजे देणगीदारांच्या माहितीचा फॉर्म, आयकर खात्याकडे भरायचा, त्यात तुमचं नाव, पॅन, रक्कम, मग त्यातून तुमचं १०बीई निघतं. म्हणजे एप्रिलमधे दिलेल्या पैशाचा कागद बहुतेक वेळा पुढच्या वर्षीच्या मे-जूनमधे. आणि छोट्या ट्रस्टमधे हे भरणारा माणूस एकच, तोच हिशोब बघणार, तोच फोन उचलणार. माझ्या सर्टिफिकेटवर पॅनमधलं एक अक्षर चुकीचं आलं. दुरुस्तीसाठी ट्रस्टनेच करेक्शन भरायचं, आपल्या हातात काहीच नाही, आणि इकडे जुलैची मुदत जवळ येतेय. फोन केला की "करतो सर, या आठवड्यात करतो". चांगलं काम करणारी माणसं ती, त्यांच्यावर ओरडवतही नाही. दीड हजारासाठी एवढा पाठपुरावा म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

गिफ्ट एडला देताना फक्त एक टिक. १०० पौंड दिले की चॅरिटी सरकारकडून २५ स्वतः मागून घेते, त्यांच्या हातात १२५ पडतात. चॅरिटी पुढे काय फॉर्म भरते ते मला आजवर विचारावं लागलेलं नाही. ४० टक्क्यांच्या बँडमधे असाल तर आणखी २५ पौंड सेल्फ असेसमेंटमधे (तिकडच्या टॅक्स रिटर्नमधे) आकडा टाकून तुम्हाला परत. उत्पन्न ६०,००० पौंडांच्या जरा वर असेल आणि चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) कापला जात असेल तर देणगीने त्या हिशोबातलं उत्पन्न पण खाली येतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

आता गिफ्ट एडमधली खोच. २० टक्केवाल्याच्या स्वतःच्या खिशात एक पेनी येत नाही, सगळा फायदा चॅरिटीचा. आणि त्या वर्षी तुम्ही चॅरिटी मागते तेवढा तरी टॅक्स भरलेला पाहिजे, नाहीतर फरक एचएमआरसी (ब्रिटनचं टॅक्स खातं) तुमच्याकडून वसूल करू शकतं. घरात ज्याचं उत्पन्न करपात्रच नाही त्याच्या नावाने टिक करू नका, जो टॅक्स भरतो त्याच्याच कार्डवरून द्या.

अमेरिकेतली मंडळी विचारतात म्हणून, तिथे २०१८ पासून स्टँडर्ड डिडक्शन (सगळ्यांना मिळणारी सरसकट वजावट) एवढं वाढलं की बहुतेकांना देणगी दाखवून काही मिळायचंच नाही. २०२६ पासून आयटमाइज न करणाऱ्यालाही (म्हणजे वजावटी एकेक करून न दाखवणाऱ्यालाही) एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत रोख देणगीची वजावट आहे, म्हणजे जरा बरं. सिंगापूर तर या बाबतीत लाडावलेलं, मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या पैशावर २५० टक्के वजावट आणि ती रिटर्नमधे आपोआप येऊन बसते. पण तिथे टॅक्स भरत असाल तरच ना.

प्रत्येकाचं गणित वेगळं, तुमच्या सीएला विचारा हे आहेच. भारतात ३० टक्क्यात असाल, गृहकर्जामुळे जुन्या रिजीममधेच असाल आणि तिकडे २० टक्केवाले असाल तर ८०जी तुम्हाला स्वस्त पडेल, नाही म्हणत नाही. मी मात्र मोठी रक्कम गिफ्ट एडने देतो, आणि गावाकडच्या एका ट्रस्टला अजूनही देतो ते वजावट धरायचीच नाही असं ठरवून. तुम्ही धरणार असाल तर पैसे पाठवायच्या आधी ट्रस्टला दोनच गोष्टी विचारा, मागच्या वर्षीचा १०बीडी कधी भरला होता आणि पॅन कोण टाइप करतं.