झूमवाली टॉर्च घरी मॉड करून (म्हणजे आतले भाग बदलून) अख्खा पावसाळा आणि उसाचा हंगाम वापरली, त्याचा अनुभव

आधीच सांगतो, ही महागड्या टॉर्चची गोष्ट नाही. बाजारात कुठल्याही टपरीवर टांगलेली असते बघा ती काळी, पुढची मान ओढली की फोकस बारीक-मोठा होणारी ॲल्युमिनियमची टॉर्च, १८६५० मापाच्या चार्ज होणाऱ्या लिथियम सेलवाली, खोक्यावर वाट्टेल तेवढे लुमेन (उजेडाचं माप) छापलेली. बेळगावजवळच्या खानापूरच्या पश्चिमेला मामांचं शेत आहे, ऊस आणि थोडं भात, आणि थ्री फेज लाईन बहुतेक रात्रीच येते त्यामुळं पाणी पाजवायला अंधारात बांधावरनं जावंच लागतं. बेळगुंदी-उचगावकडं रताळ्यात डुकरं शिरतात, जांबोटीच्या बाजूला गवे उतरतात, आणि साप तर सगळीकडंच. टॉर्च लागतेच, आणि चांगली लागते.

मूळ टॉर्चचं रडगाणं सगळ्यांना ठाऊक असणार. चालू केली की भिंत उजळते, दुकानदार पण तेवढंच दाखवतो, आणि बांधावर थोडं चाललं की उजेड मेल्यागत होतो. सेल संपला म्हणावं तर सेल भरलेला. उघडून बघितल्यावर कारण समोरच होतं. एलईडी ज्या गोल पाटीवर बसवलेला असतो, ज्याला स्टार म्हणतात, ती पाटी पितळेच्या पिलवर (टॉर्चच्या डोक्यातली, एलईडी धरून ठेवणारी डबी) फक्त कडेनं टेकलेली, मधे पोकळ, उष्णता पुढं नेणाऱ्या थर्मल पेस्टचा टिपूस नाही. ३ अँपिअरला एलईडीत साधारण १० वॅट जातात आणि त्यातली अर्ध्याहून जास्त तर उष्णताच होते, तिला बाहेर पडायला वाट कुठली. एलईडी जितका तापेल तितका त्याचा उजेड उतरतो, त्याचा स्वभावच तो.

म्हणून जास्त करंटचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला किती करंट जावा ते ठरवणारा बोर्ड, टाकायच्या आधी उष्णतेचं बघितलं. उद्यमबागेत लेथवर काम करणारा एक दोस्त आहे, त्याला पिलचं माप दिलं आणि त्यानं तांब्याच्या तुकड्यातनं पोकळीत दाबून बसेल असा ठोकळा टर्न करून दिला, वायरीला दोन भोकं पाडून. तांबं पितळेपेक्षा साधारण तिप्पट चांगली उष्णता वाहतं. बेळगावात राहण्याचा हा एक फायदा बघा, फौंड्री आणि लेथचं गाव, असलं काही करून दे म्हटलं तर कशाला म्हणून कुणी विचारत नाही, प्रेस फिट (दाबून घट्ट बसणारा) पाहिजे का स्लाइड फिट (सहज सरकणारा) एवढंच विचारतात.

स्टार पण बदलला. स्वस्त ॲल्युमिनियमच्या स्टारमधे एलईडी आणि धातूच्या मधे इन्सुलेशनचा थर असतो, उष्णता तिथंच अडते. तांब्याच्या डीटीपी (डायरेक्ट थर्मल पाथ) स्टारवर एलईडीचा मधला पॅड थेट तांब्यालाच सोल्डर होतो, मधे थरच नाही. हे काम मी उलट्या इस्त्रीवर करतो. इस्त्री दोन पुस्तकांच्या मधे उलटी धरून बसवायची, स्टार वर ठेवायचा, ६३/३७ चं शिसेवालं सोल्डर आणि थोडा फ्लक्स. १८३ डिग्रीला सोल्डर वितळतं, मळकट राखाडी दिसणारं सोल्डर एकदम आरशासारखं चकाकायला लागलं की चिमट्यानं एलईडी वर ठेवायचा, तो आपोआप सरकून स्वतःची जागा धरतो. मग डोक्यावर अगदी हलकी टिचकी, जादाचं सोल्डर बारीक मण्यांसारखं कडेला बाहेर येतं, ते पुसून घ्यायचं नाहीतर शॉर्ट. एलईडीवरच्या सिलिकॉनच्या घुमटाच्या कडेला धरायचं, टिचकीपेक्षा जास्त वरनं दाबायचं नाही, सिलिकॉन फाटतं. (इस्त्री वेगळी जुनी घ्या, कपड्याची घेतली की घरात काय ऐकावं लागतं ते इथं लिहीत नाही.)

आता ड्रायव्हर. ७१३५ चिपवाला १७ मिलिमीटरचा साधा बोर्ड घेतला. एक चिप ३५० मिलिअँपिअर सोडते, ८ चिप म्हणजे २.८ अँपिअर. सुरुवातीला तसाच वापरला, झकास उजेड, मामा बांधावरनं ओरडले, "काय रे, गाडीची हेडलाईट काढून आणलास काय? कमी कर की, डोळे दिपालेत!" खरं थोड्या वेळानं टॉर्च हातात धरवेना, आणि सेल पण भराभर उतरायचा. म्हणून दोन चिप काढून टाकल्या, ६ राहिल्या, २.१ अँपिअर. करंट चौथाईनं उतरला तरी उजेड तेवढा उतरत नाही कारण कमी करंटला एलईडी जास्त कार्यक्षम चालतो, आणि डोळ्याला तर फरक कळतच नाही. मामांना सांगितलं नव्हतं, त्यांना अजून माहीत नाही. तेव्हापासून तशीच आहे आणि माझं मत विचाराल तर शेतावरच्या कामाला हीच सेटिंग. पहिल्या अर्ध्या मिनिटाचा उजेड मित्रांना दाखवायला असतो, पाण्याचं दारं मोडून दुसरीकडं वळवताना जो उजेड टिकतो तो कामाचा.

एक बारकावा, ज्यावर लोकांचा फार गोंधळ असतो. स्प्रिंगला जाड वायर सोल्डर करून बायपास करा, उजेड वाढतो असं सगळे सांगतात. ७१३५ च्या ड्रायव्हरला सेल भरलेला असताना काहीच वाढत नाही, कारण करंट चिपनं बांधलेला आहे. फायदा वेगळा. स्प्रिंगचा रोध ५० मिलिओहम धरला तर ३ अँपिअरला ०.१५ व्होल्ट तिथंच खाल्ले जातात, आणि सेल उतरत आला की हेच ०.१५ व्होल्ट महत्त्वाचे ठरतात, बायपास असेल तर पूर्ण उजेड जास्त वेळ टिकतो. एफईटीवाल्या (सेलचा करंट जवळपास थेट सोडणाऱ्या) ड्रायव्हरला मात्र थेट फरक पडतो, तिथं करंटला बांध नसतोच. मागच्या आणि पुढच्या दोन्ही स्प्रिंगला केलं, सिलिकॉन इन्सुलेशनची मऊ वायर घेतली म्हणजे स्प्रिंग दबताना तुटत नाही.

बोर्डाच्या कडेला चांदणीच्या आकाराचे पॅड असतात, माझ्या बोर्डावर त्यातला एक बाहेरच्या ग्राउंडच्या कड्याला सोल्डरनं जोडला आणि मोडचा (उजेडाच्या प्रकारांचा) गट बदलला, बटण दाबताना येणारी ती लुकलुकणारी डिस्को कायमची गेली. सगळ्या मॉडमधलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात समाधान देणारं काम हेच.

सेलचं सांगतो. ९९०० एमएएच लिहिलेला १८६५० दिसला की हात लावू नका. या मापाच्या चांगल्या सेलमधे ३५०० च्या आसपास मावतं, ९९०० कुठनं येणार? मला एका दुकानदारानं गळ्यात मारलेला तसला सेल मोजला तर हजार पण भरला नाही, आणि २ अँपिअर ओढला की व्होल्टेज धपकन खाली. ओळखीच्या कंपनीचा, वजनाला ४५ ग्रॅमच्या आसपास भरणारा सेल घेतला आणि तेवढ्यानंच टॉर्च वेगळी वाटायला लागली. पैसे एकाच गोष्टीवर घालवायचे असतील तर सेलवर घाला, ड्रायव्हर नंतर. सेलला थेट सोल्डर करू नका, खिशात किल्ल्यांबरोबर सुटा टाकू नका, ४.२ व्होल्टच्या पुढं चार्ज नको आणि ३ च्या खाली उतरवायचा नको. टीपी४०५६ चं चार्जिंग मॉड्यूल टॉर्चमधे बसवणार असाल तर प्रोटेक्शनवाल्या बोर्डातनंच एलईडीचा करंट (लोड) पण घेऊ नका, ३ अँपिअरच्या आसपास तो मधेच बंद पाडतो.

आता रंगाचं, कारण इतके महिने वापरून मला जे पटलंय ते हे की लुमेनपेक्षा रंग जास्त कामाला येतो. मूळचा एलईडी निळसर पांढरा, ६५०० केल्विनच्या पुढचा असावा (केल्विनचा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). त्यात तांबडी माती, वाळलेला पाला, भिजलेली ढेकळं सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. मी ४००० केल्विनचा, ९५ सीआरआयचा (वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचं १०० पैकी माप) एसएसटी-२० नावाचा एलईडी टाकला. मोजायला गेलं तर लुमेन कमी, खरं पाचटावरनं चालताना पाला कुठला आणि त्यात गुंडाळून बसलेली घोणस कुठली हे कळतं. घोणशीच्या अंगावरचे तपकिरी गोल त्या निळ्या उजेडात जमिनीतच मिसळून जायचे. पावसाळ्यात किडे पण कमी येतात अंगावर, निळा भाग कमी असला की किडे कमी ओढले जातात.

धुक्यात पिवळा उजेड आरपार जातो म्हणतात, ते मला काही पटलं नाही. कणकुंबी-चोर्ल्याकडं पावसाळ्यात जे धुकं असतं त्याचे थेंब एवढे मोठे की सगळे रंग सारखेच पसरतात, उष्ण रंग डोळ्याला कमी बोचतो एवढंच. तिथं खरा उपयोग होतो टॉर्च कंबरेच्या खाली धरण्याचा, डोळ्यापासनं लांब, मग समोरची पांढरी भिंत बरीच विरळ होते. डोक्याला बांधायची टॉर्च धुक्यात बिनकामाची.

लांब पल्ल्याची हौस असणाऱ्यांनी एक हिशोब लक्षात ठेवा, दुप्पट अंतर पाहिजे असेल तर किरणाची तीव्रता चौपट लागते. त्यामुळं २ चे ३ अँपिअर करून फार काही लांब जात नाही, त्याला मोठा रिफ्लेक्टर किंवा लहान डायचा (आतला उजेड देणारा चौकोनी तुकडा) एलईडी पाहिजे. आणि ही झूमची भिंगं फोकस बारीक केला की अर्ध्याच्या आसपास उजेड आतच ठेवतात, पुढची मान ओढून मामांना लांबची विहीर दाखवताना चौकोनी डाग दिसतो तो त्याच भिंगामुळं. पुढची टॉर्च मी रिफ्लेक्टरवालीच घेणार.

ज्यांच्याकडं अजून ती प्लगमधे थेट घालायची, ४ व्होल्टच्या लेड-ॲसिडची टॉर्च आहे त्यांनी प्लगला असताना ती उघडून खेळू नका. तसल्या बऱ्याच टॉर्चमधे ट्रान्सफॉर्मर नसतो, नुसत्या कपॅसिटरवर चार्जिंग, म्हणजे आतला प्रत्येक पॉइंट मेनला जोडलेला. सातवीआठवीतली पोरं तिला मोडून बघतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

आताची स्थिती: एलईडी, स्टार, ड्रायव्हर ठणठणीत. जोडावरच्या रबरी ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावल्यापासून आत पाणी नाही. मागच्या बटणाचं रबर तेवढं फाटलं, त्या मापाचं इथं कुठल्याच दुकानात मिळालं नाही, म्हणून सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून बसवलाय. दाबायला जरा कडक लागतो, पुढच्या पावसात टिकला तर तोच ठेवीन.